परदेशगमन आणि आपले दाखले

आपल्या शाळेतून आणि वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुलेमुली आता केवळ पुण्या-मुंबईपर्यंत थांबत नाहीत. कोणी आखाती देशांत तंत्रज्ञ म्हणून जातो, कोणी परिचारिका म्हणून जर्मनीची वाट धरते, कोणी ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेते. ही समाधानाची बाब आहे. परंतु या वाटेवर एक टप्पा असा येतो, की तेथे हुशार विद्यार्थीही गोंधळतो आणि पालक तर पार हवालदिल होतात. ‘कागदपत्रे अपॉस्टिल करून आणा’, ‘अ‍ॅटेस्टेशन करून आणा’ असे कंपनीकडून किंवा विद्यापीठाकडून कळते, हाताशी तीन-चार आठवडे असतात, आणि ही काय भानगड आहे हे सांगणारे घरात कोणी नसते. ज्यांच्या घरातून पूर्वी कोणी परदेशी गेले आहे, त्यांना मामा-काकांना विचारता येते. आपल्या बहुतेक घरांतील परदेशी जाणारी ही पहिलीच पिढी असल्यामुळे विचारायचे कोणाला, तर एजंटाला. आणि एजंट सांगेल ती पूर्व दिशा. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

मुळात परदेशी कार्यालयाला आपल्या दाखल्यावर शंका का असावी, येथून सुरुवात केली पाहिजे. आपल्या देशात आता बहुतेक कामांसाठी स्वसाक्षांकित प्रत चालते. पूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. तो त्रास बराचसा संपला. पण दुबईतील किंवा टोकियोतील अधिकाऱ्यासमोर जेव्हा आपल्या तालुक्यातील एखादा कागद येतो, तेव्हा त्यावरील सही खरी आहे की नाही, ती करणारा माणूस त्या पदावर होता की नव्हता, शिक्का त्याच कार्यालयाचा आहे की नाही, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते. यावर जगभर एकच उपाय रूढ झाला: ओळखीची साखळी. मुख्याध्यापकाची सही शिक्षण खात्याला ओळखता येते; शिक्षण खात्यातील अधिकाऱ्याची सही परराष्ट्र मंत्रालयाच्या नमुन्यात असते; परराष्ट्र मंत्रालयाची सही त्या देशाच्या वकिलातीला ठाऊक असते; आणि वकिलातीची सही त्या देशाच्या स्वतःच्या परराष्ट्र खात्याला. प्रत्येक कडी फक्त आपल्या आधीच्या कडीची ओळख देते. ही लांबलचक पद्धत आजही काही देशांसाठी लागू आहे.

ती छोटी करण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी नेदरलँड्समधील हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचा सारांश असा, की ज्या देशातून कागद निघाला त्या देशाच्या एका नियुक्त अधिकाऱ्याने ठरावीक नमुन्यातील एकच प्रमाणपत्र त्यावर लावावे, आणि करारातील इतर सर्व देशांनी ते मान्य करावे. वकिलातीकडे जाण्याची गरज राहू नये. या प्रमाणपत्राला अपॉस्टिल म्हणतात. भारत या करारात आला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याकडे लागू झाला. आज सव्वाशेहून अधिक देश या करारात आहेत. जपान, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया हे जुने सदस्य. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून, चीन नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून या पद्धतीत आला. त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वी सौदीला गेलेल्या मित्राने सांगितलेली माहिती आज तशीच लागू पडेल असे नाही.

अपॉस्टिल दिसते तरी कसे? कराराने त्याचा नमुना ठरवून दिला आहे. किमान नऊ सेंटिमीटर बाजू असलेला चौकोन, वर फ्रेंच भाषेतील मथळा, आणि खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी: देश कोणता, सही कोणाची, ती कोणत्या पदाच्या नात्याने केली, शिक्का कोणाचा, प्रमाणपत्र कोठे, कधी, कोणी, कोणत्या क्रमांकाने दिले, आणि शेवटी त्या अधिकाऱ्याचा शिक्का व सही. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय संगणकावर तयार झालेली चिकटपट्टी मूळ कागदाच्या मागील बाजूस लावते. तिच्यावरील क्रमांकावरून परदेशातील अधिकारी संकेतस्थळावर पडताळणी करू शकतो. आपणही ती एकदा करून पाहावी, कारण बनावट चिकटपट्ट्या लावून देणारे महाभागही या धंद्यात आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो एजंट सहसा सांगत नाही. अपॉस्टिल हे कागदातील मजकुराबद्दल काहीही म्हणत नाही. सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे, एवढेच ते सांगते. मंत्रालयातील अधिकारी असोत वा दिल्लीतील, मजकूर बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे काम त्यांचे नाही. म्हणजे तुमच्या जन्मतारखेत चूक असेल, तर ती चूक अपॉस्टिलसह सुखरूप परदेशी पोहोचते. तिथला अधिकारी मग पासपोर्ट, पदवी आणि जन्मदाखला शेजारी-शेजारी ठेवतो आणि विचारतो, की हे तीन कागद एकाच माणसाचे कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर शेवटी गावातल्या शाळेच्या एका जाडजूड वहीत सापडते. तिला आपण जनरल रजिस्टर म्हणतो. प्रवेशाच्या दिवशी त्यात जे नाव, जी तारीख लिहिली गेली, तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, तेथून दहावीच्या प्रमाणपत्रावर, तेथून पदवीवर आणि बहुधा पासपोर्टवर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शासकीय शाळेच्या नोंदवहीत बाबासाहेबांचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे लिहिले गेले. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ २०१७ पासून आपण महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस साजरा करतो. पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेला विद्यार्थी मात्र भीमराव होता. त्या काळी भारतातून प्रवासाला निघणाऱ्यावर आजच्यासारखी पासपोर्टची सक्ती नव्हती. ती सक्ती पुढे आली. आजच्या काळात ‘भिवा’ आणि ‘भीमराव’ ही दोन नावे दोन दाखल्यांवर असती, तर त्या विद्यार्थ्याला व्हिसाच्या खिडकीवर प्रतिज्ञापत्रे दाखवावी लागली असती.

आपल्या समाजात ही अडचण इतरांहून जास्त का आढळते, याला कारण आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी जुनी नावे टाकली. आजोबांचे नाव एक, वडिलांनी शाळेत स्वतःचे लावलेले दुसरे, आणि मुलाच्या दाखल्यावर वडिलांच्या हाकेचे नाव तिसरे, असे प्रकार घरोघरी आहेत. काहींनी गावावरून आलेले आडनाव घेतले, काहींनी पूर्वीचेच ठेवले, दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी असल्याचीही उदाहरणे आहेत. यात लाजण्यासारखे काहीच नाही. नाव बदलणे हा आपल्या इतिहासाचाच भाग आहे. पण परदेशी अधिकाऱ्याला तो इतिहास माहीत नसतो. एक दिलासा मात्र द्यायला हवा. दाखल्यावरील जात-धर्माच्या रकान्यात ‘हिंदू महार’ आहे की ‘बौद्ध’ आहे, याच्याशी परदेशातील कार्यालयाला सहसा कर्तव्य नसते. त्याला नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आईवडिलांची नावे जुळलेली हवी असतात. जातीची नोंद महत्त्वाची ठरते ती शिष्यवृत्तीसाठी. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी संधी असते आणि तेथे जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र लागते. ती पडताळणी निराळी. तिची आणि अपॉस्टिलची गल्लत करू नये.

जन्मतारखेचेही तसेच. एक जूनला जन्मलेल्यांची आपल्याकडे केवढी मोठी संख्या आहे! प्रवेशाच्या वेळी पालकांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी ‘१ जून’ लिहून मोकळे होत. ज्यांच्याकडे जन्माची नोंदच नाही, त्यांना यामुळे फारशी अडचण येत नाही, कारण सगळीकडे एकच तारीख असते. अडचण त्यांची होते, ज्यांच्या ग्रामपंचायतीत खरी तारीख नोंदलेली आहे आणि शाळेत १ जून. नोकरीसाठी पदवी दाखवताना एक तारीख पुढे येते, कुटुंबाच्या व्हिसासाठी जन्मदाखला देताना दुसरी.

आणखी एक बारीकशी वाटणारी, पण छळणारी बाब म्हणजे रोमन लिपीतील वर्णलेखन. देवनागरीत ‘गौतम’ एकच. रोमनमध्ये कोणी त्यातला ‘गौ’ ए-यू अक्षरांनी लिहितो, कोणी ओ-यू अक्षरांनी. ‘सिद्धार्थ’मध्ये डी एक की दोन, शेवटचा एच आहे की नाही, ‘वाघमारे’ डब्ल्यूने की व्हीने, ‘कांबळे’त शेवटी ई एक की दोन. आपल्याला हे क्षुल्लक वाटते. परदेशातील संगणकाला ती दोन भिन्न माणसे वाटतात. त्यातच आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असते, तर पासपोर्टवर नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. पासपोर्टचा अर्ज घाईत भरणारा सायबर कॅफेवाला कधी वडिलांचे नाव गाळतो, कधी सगळे एकाच रकान्यात कोंबतो. तेव्हा पासपोर्टचा अर्ज भरताना दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवावे आणि त्यातील प्रत्येक अक्षर जसेच्या तसे उतरवावे.

चूक दुरुस्त करायची तर ती कोठे आणि केव्हा? विद्यार्थी शाळेत असेपर्यंत हे काम सर्वांत सोपे असते. मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज करावा. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर हे दार बरेच अरुंद होते. मग उघड लेखनदोष सिद्ध करावा लागतो. मधला एक क्षण असा आहे, की ज्याकडे पालकांचे लक्षच नसते. दहावीचे आवेदनपत्र भरल्यानंतर मंडळाकडून शाळेला तपासणीसाठी प्री-लिस्ट येते. तीत विद्यार्थ्याचे व आईचे नाव, वर्णलेखन, जन्मतारीख सारे असते. त्या यादीवर विद्यार्थी सही करतो, पण वाचतो किती काळजीने? वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचे पालक दूर असतात, त्यामुळे ही जबाबदारी अधीक्षक आणि वर्गशिक्षक यांच्यावर येते. प्री-लिस्ट आली की त्या दिवशी दूरध्वनीवरून का होईना, प्रत्येक पालकाला अक्षर-अक्षर वाचून दाखवावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. पुढे मंडळाच्या विभागीय कार्यालयात घालावे लागणारे हेलपाटे त्या पाच मिनिटांत वाचतात.

प्रौढपणी नाव बदलले असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेता येते. मात्र राजपत्राने जुना दाखला बदलत नाही. जुन्या नावाचा माणूस आणि नव्या नावाचा माणूस एकच, हे दाखवणारा तो दुवा असतो. म्हणून जुन्या पदवीबरोबर राजपत्राची प्रत जोडावी लागते. किरकोळ फरकासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र चालते, पण ते कोणी मान्य करावे आणि कोणी करू नये, हे समोरच्या कार्यालयावर असते. जन्मनोंदीत मुलाचे नावच नसेल, तर मूळ नियमाप्रमाणे ते पंधरा वर्षांपर्यंत दाखल करता येते. लहान मुलांच्या पालकांनी ही मुदत ध्यानात ठेवावी. नोंदच नसेल, तर वर्षानंतरच्या विलंबित नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. यात महिने जातात, हे गृहीत धरूनच तयारी करावी.

आता प्रत्यक्ष मार्ग. शैक्षणिक कागदांची वाट मंडळ किंवा विद्यापीठापासून सुरू होते. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांची पडताळणी राज्य मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांपैकी आपल्या विभागाकडे, पदवीची त्या विद्यापीठाकडे. त्यानंतर राज्य शासनाच्या शिक्षण विभागाचे प्रमाणीकरण. पदव्यांसाठी हे काम उच्च व तंत्र शिक्षण विभाग करतो. यालाच एजंट ‘एचआरडी करणे’ म्हणतात, कारण केंद्रातील शिक्षण खात्याचे नाव पूर्वी मनुष्यबळ विकास असे होते. जन्म, विवाह, मृत्यू यांचे दाखले, प्रतिज्ञापत्रे इत्यादी वैयक्तिक कागद राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित होतात. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. पूर्वी यासाठी दिल्लीतील पतियाळा हाऊसपर्यंत जावे लागे. १ जानेवारी २०१९ पासून ही सेवा मुंबईसह अनेक शहरांत उपलब्ध झाली. मंत्रालय स्वतः खिडकीवर कागद घेत नाही. त्याने नेमलेल्या संस्थांच्या केंद्रांतून ते स्वीकारले जातात. पासपोर्ट कार्यालयाने दिलेला पोलीस क्लिअरन्सचा दाखला मात्र राज्याच्या फेरीशिवाय थेट परराष्ट्र मंत्रालयाकडे जाऊ शकतो.

यातील शासकीय खर्च ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिलचे शुल्क एका कागदाला पन्नास रुपये आहे. त्यावर कागद स्वीकारणाऱ्या संस्थेचे अल्प सेवाशुल्क. वकिलातीचे शुल्क लागत असेल तर ते वेगळे व बरेच जास्त असते. एजंट एकेका कागदाला कित्येक हजार मागतो, त्यातील मोठा भाग त्याच्या धावपळीचा आणि आपल्या अज्ञानाचा असतो. धावपळीचे पैसे देण्यात काही गैर नाही. लांबच्या जिल्ह्यातून मुंबईच्या चार खेपा करण्यापेक्षा कधी ते परवडतेही. पण शासकीय पावती वेगळी आणि त्याची मजुरी वेगळी मागावी, मूळ कागद देताना पोच घ्यावी, आणि प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंची छायाप्रत आधी काढून ठेवावी. काही एजंट दिल्लीतील उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा जवळचा मार्ग सुचवतात. तो पूर्णपणे खोटा नव्हे, परंतु काही देश शैक्षणिक कागदावर मूळ राज्याच्या शिक्षण विभागाचाच शिक्का मागतात. तेव्हा पैसे देण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. ज्यांचे दाखले संगणकीय भांडारात उपलब्ध आहेत, त्यांच्यासाठी शासनाची ई-सनद ही ऑनलाइन व्यवस्थाही आहे.

एक लहानशी सूचना. आपल्याकडे महत्त्वाचे प्रमाणपत्र मिळाले की आईवडील प्रेमाने ते लॅमिनेट करून आणतात. शिक्के आणि चिकटपट्टी मूळ कागदाच्या पाठीवर लावायची असल्यामुळे ते प्लॅस्टिक मग काढावे लागते, आणि काढताना अक्षरे निघून येतात. प्रमाणपत्र साध्या पारदर्शक पाकिटात ठेवावे.

विवाहाच्या दाखल्याविषयी आपल्या वाचकांना विशेष सांगितले पाहिजे. आपले विवाह बुद्धविहारात, भन्तेजींच्या किंवा बौद्धाचार्यांच्या साक्षीने, त्रिसरण-पंचशील घेऊन होतात. तेथे मिळणारे प्रमाणपत्र सन्मानाचे असले, तरी ते सार्वजनिक दस्तऐवज नव्हे. त्यावरील सहीचा नमुना कोणत्याही शासकीय विभागाकडे नसतो. त्यामुळे साखळीची पहिली कडीच जुळत नाही. १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली विवाह निबंधकाकडे, म्हणजे गावात ग्रामसेवकाकडे व शहरात नगरपालिका-महानगरपालिकेच्या कार्यालयात, नोंदणी करून मिळालेले प्रमाणपत्रच प्रमाणित होऊ शकते. आखातात नोकरी करणारा तरुण पत्नीला नेऊ इच्छितो, तेव्हा नेमके हेच प्रमाणपत्र मागितले जाते. विहारातील विवाहसोहळा आटोपला, की त्याच महिन्यात नोंदणी करून घ्यावी. विहाराच्या विश्वस्तांनी ती करून देण्याची सोय केली, तर फारच उत्तम. नवरीचे लग्नानंतरचे नाव बदलायचे की नाही, हेही पासपोर्टआधी ठरवावे. बदलले नाही तरी कायद्याने काहीही अडत नाही, आणि कागदांचा एक मोठा तिढा टळतो.

कोणत्या देशासाठी काय लागते, याचे एकच उत्तर नाही. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हे आपल्या लोकांच्या नेहमीच्या वाटेवरचे देश या करारात नाहीत. त्यांच्यासाठी जुनी लांब साखळी लागते: राज्य, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाची भारतातील वकिलात, आणि तेथे पोहोचल्यावर त्यांचे परराष्ट्र खाते. ओमान, बहरीन आणि आता सौदी यांना अपॉस्टिल चालते. जर्मनीची गंमत वेगळीच आहे. तो देश करारात आहे, भारतही आहे, परंतु भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत नोंदवलेली असल्यामुळे या दोन देशांमध्ये अपॉस्टिलला अर्थ राहत नाही. तेथे शिकायला जाणाऱ्यास १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस या त्यांच्या केंद्राचे शैक्षणिक पडताळणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून तिकडे जाऊ पाहणाऱ्या तरुणांची चौकशी वाढली आहे. त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून अपॉस्टिलवर पैसे घालवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. ब्रिटन-अमेरिकेतील विद्यापीठे प्रवेशासाठी बहुधा अपॉस्टिल मागतच नाहीत; ती आपल्या विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रके किंवा ट्रान्सक्रिप्ट मागवतात. सारांश, आधी समोरच्याकडून लेखी विचारून घ्यावे: नेमका कोणता कागद, मूळ की प्रत, भाषांतर हवे का, आणि कोणते प्रमाणीकरण. पोलीस क्लिअरन्ससारख्या कागदाला ताजेपणाची अटही असते, म्हणून तो फार आधी काढून उपयोग नाही.

दहावी अर्ध्यावर सोडलेल्या मुलांसाठीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर इसीआर असा शेरा येतो, आणि ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्याला शासनाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ही तरतूद फसवणुकीपासून संरक्षणासाठी आहे, तेव्हा ती चुकवणारा एजंट भेटला तर त्याच्यापासून दूरच राहावे. दहावी झालेल्याला ती अट लागत नाही. गवंडीकाम किंवा वायरमनचे काम उत्तम येणाऱ्या मुलालाही बाहेरून परीक्षा देऊन दहावी पूर्ण करायला सांगण्यामागे हे एक व्यवहारी कारण आहे.

कधी कागद उलट्या दिशेनेही येतात. परदेशात असलेला मुलगा गावच्या जमिनीच्या कामासाठी भावाला कुलमुखत्यारपत्र पाठवतो. ते तेथील भारतीय दूतावासात, किंवा करारातील देश असेल तर तेथील नोटरीपुढे करून त्यावर त्या देशाचे अपॉस्टिल घेऊन पाठवावे. येथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पाकीट तसेच कपाटात ठेवले, तर दंडाचा प्रश्न उभा राहतो. दुर्दैवाने परदेशात कोणी दगावले, तर तेथील मृत्यूच्या दाखल्याबरोबरच भारतीय दूतावासात नोंद करून तिचाही दाखला घ्यावा. विमा, बँक आणि वारसनोंद यांसाठी विधवेला याच कागदांवर अवलंबून राहावे लागते. अशा वेळी पतीच्या पासपोर्टमध्ये पत्नीचे नाव एक आणि तिच्या आधारवर दुसरे निघाले, तर ज्या हालअपेष्टा होतात, त्या पाहवत नाहीत. कामाला निघण्यापूर्वीच पासपोर्टमध्ये जोडीदाराचे नाव नोंदवून घ्यावे.

शेवटी शाळेच्या कार्यालयाकडे येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल, तर तो बाहेर भाषांतरित करून घेण्यापेक्षा शाळेकडूनच इंग्रजीतील दाखल्यासाठी अर्ज करावा. अर्जात प्रवेशाचे व शाळा सोडल्याचे वर्ष, जुन्या दाखल्यावरील जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि पासपोर्टवरील नावाचे वर्णलेखन नमूद करावे. मूळ दाखला हरवला असेल, तर द्वितीय प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र लागते आणि त्या प्रतीवर ‘द्वितीय प्रत’ असे लिहिलेले असते. त्याने तिचे मोल कमी होत नाही. जुन्या मुख्याध्यापकांची सही आता कोणाच्या ओळखीची नसेल, तर विद्यमान मुख्याध्यापकांच्या सहीची नवी प्रत घेणे अधिक सोयीचे. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते आणि त्यासाठी जिल्हा परिषदेत किमान एक चक्कर होते. रजिस्टरचे जुने खंड कपाटातून शोधून काढायला लेखनिकांना वेळ लागतो, म्हणून परदेशी जायचे ठरले की पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा, तिकीट हातात पडल्यावर नव्हे. दूर राहणाऱ्यांनी अधिकारपत्र देऊन घरच्या माणसाला पाठवले तरी चालते, मात्र त्याच्याजवळ अर्जदाराच्या आधारची आणि दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत असावी.